संत बहिणाबाईंचा स्वप्नोपदेश
देवगावी १६२८ साली जन्मलेल्या संत बहिणाबाईंचे चरित्र आम्ही आदिलाबादच्या आपल्या मंदिर-परिवारापुढे ठेवीत आहोत. कोल्हापुरी कीर्तनांतून तुकोबांचे अभंग ऐकून त्यांना तुकोबांचा अहोरात्र ध्यास लागला. लाडके वासरू निवर्तताच त्या देहभान हरपून निश्चेष्ट पडल्या. आत्मचरित्रपर अभंगांत त्या सांगतात की, पुढे न पाहिलेल्या तुकोबांनी स्वप्नी येऊन मंत्र दिला. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू करावा, हे पतीस असह्य झाले. त्यांनी मारहाण केली. बहिणाबाई ढळल्या नाहीत. नंतर देहूस जाऊन त्यांनी तुकोबांचे प्रत्यक्ष दर्शन घेतले. १७०० साली शिऊर येथे त्यांनी देह ठेवला. दिवसाचा ध्यास स्वप्नी साकार होतो. परंतु स्वप्नाची कसोटी जागेपणीच्या आचरणातच लागते, असे आम्हांस वाटते.