शिगा यांचा जंतू नेमका कोणत्या घरचा?

१८९७ च्या उन्हाळ्यात जपानमध्ये ‘सेकिरी’ची साथ आली. सेकिरी म्हणजे लाल जुलाब, आपल्याकडची रक्ती आव. वर्षअखेरपर्यंत सुमारे ९० हजार लोकांना लागण झाली आणि दर चार-पाच रुग्णांमागे एक दगावला. कारण कुणालाच ठाऊक नव्हते. टोकियोच्या संसर्गजन्य रोग संस्थेत कितासातो यांच्या हाताखाली काम करणाऱ्या कियोशी शिगा यांच्याकडे ते शोधण्याचे काम आले. वय २६, डॉक्टरकीची परीक्षा पास होऊन जेमतेम वर्ष झालेले.

शिगा यांचा जन्म १८७१ चा, सेंदाईचा. जन्मनाव सातो, पण राजवट बदलल्यावर घरची परिस्थिती ढासळली, ते आजोळी वाढले आणि शिगा हे आडनावही आईच्या माहेरचेच.

शौचातून जंतू वाढवणे अवघड नव्हते. अवघड होते ते निवडणे. निरोगी माणसाच्या आतड्यातही असंख्य जिवाणू असतात. त्यांतला एक, ई. कोलाय, एशरिच यांनी १८८५ मध्ये बाळांच्या शौचात पाहिला होता. मग गुन्हेगार ओळखायचा कसा? शिगा यांनी ३६ रुग्ण तपासले आणि नव्यानेच आलेली एक युक्ती वापरली. आजारी माणसाच्या रक्तात त्या रोगाच्या जंतूविरुद्धची द्रव्ये तयार होतात. रुग्णाच्या रक्तातला पातळ द्रव जंतूंवर घातला की खऱ्या अपराध्याच्या गुठळ्या होतात, बाकीचे तसेच तरंगत राहतात. एका जंतूच्या गुठळ्या झाल्या. जवळपास उपचारच नसलेल्या रोगाला आरोपी मिळाला. पुढे लस करताना त्यांनी मारलेले जंतू स्वतःलाच टोचून घेतले आणि त्याचा त्रासही भोगला.

नंतर जर्मनीत एर्लिख यांच्याकडे संशोधन, केइओ विद्यापीठात अध्यापन, सेऊलच्या विद्यापीठाचे अध्यक्षपद. जंतूच्या प्रजातीला ‘शिगेला’ हे नाव मिळाले. घरी मात्र दुःखच जास्त: पत्नी कर्करोगाने गेली, दोन मुलगे गमावले, युद्धात घर जळाले. १९५७ मध्ये ते सेंदाईजवळच्या गावी साधेपणाने राहत असताना वारले.

त्यानंतर डीएनए तपासण्याचे तंत्र आले आणि शिगेलाच्या कुळाचा प्रश्न उभा राहिला. जुन्या कसोट्या साध्या होत्या. जंतू हालतो का? दुधातली साखर आंबवतो का? ई. कोलाय बहुधा दोन्ही करतो. शिगेला हालत नाही आणि साखरही सहसा आंबवत नाही. म्हणून वेगळे घर. पण रोजच्या जगण्याला लागणारी जनुके अक्षरन् अक्षर ताडून पाहिल्यावर चित्र पालटले. २००० साली सिडनीतील संशोधकांनी अशा आठ जनुकांचे क्रम जुळवले. शिगेलाचे निरनिराळे प्रकार एका जागी न बसता ई. कोलायच्याच वंशवृक्षावर वेगवेगळ्या फांद्यांवर बसले. याचा अर्थ, साधे ई. कोलाय एकदा नव्हे, अनेकदा स्वतंत्रपणे शिगेला बनले. दर वेळी त्यांनी डीएनएचे एक वेगळे कडे बाहेरून मिळवले. आतड्याच्या पेशींत घुसण्याची हत्यारे त्या कड्यावर असतात. पेशींच्या आत राहू लागल्यावर हालचालीची गरज उरली नाही, ती क्षमता गेली. शेपटी नसणे ही ओळख वाटत होती. ती खरे तर नव्या राहणीची खूण निघाली.

नातेवाईक ओळखण्यासाठी बहुधा वापरले जाणारे १६एस जनुकही इथे फारसे कामी येत नाही, दोघांमध्ये ते जवळपास एकसारखेच आहे.

कागदोपत्री हिशेब केला तर शिगेला ही ई. कोलायची जातच. तरी नाव टिकून आहे आणि ते बरेच आहे, कारण प्रयोगशाळेच्या अहवालात ‘शिगेला’ दिसले की डॉक्टर सावध होतात, ई. कोलाय तर प्रत्येकाच्या पोटात असतो. शिगा यांनी शोधलेल्या प्रकारात एक जहाल विषही आहे. त्या विषाच्या जनुकांचे जुळे १९८० च्या दशकात ओ१५७ या ई. कोलायमध्ये सापडले. त्यालाही शिगा यांचेच नाव आहे.