रुग्णशय्येवरील कर्मयोगिनी

हातात दिवा घेऊन रात्रीच्या वेळी जखमी सैनिकांची विचारपूस करणारी परिचारिका, ही फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची प्रतिमा सर्वपरिचित आहे. परंतु युद्धभूमीवरील त्यांच्या सेवेचा काळ दोन वर्षांहूनही कमी होता. त्यानंतरची पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी आजारपणात काढली; आणि त्यांचे सर्वांत व्यापक कार्य घडले ते याच वर्षांत.

फ्लॉरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. शहराचेच नाव मुलीला देण्यात आले. वडिलांनी त्यांना घरीच अनेक भाषा, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवले. गणिताची त्यांना विशेष ओढ होती. रुग्णसेवा करण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली तेव्हा मात्र घरातून तीव्र विरोध झाला, कारण त्या काळी हे काम हलक्या दर्जाचे मानले जाई. अखेर १८५१ साली त्यांनी जर्मनीतील कायझरवर्थ येथे रुग्णसेवेचे शिक्षण घेतले.

१८५४ साली क्रिमियाच्या युद्धातील इंग्रज सैनिकांच्या हालअपेष्टांच्या बातम्या लंडनला पोहोचल्या. सरकारच्या विनंतीवरून ३८ परिचारिकांना सोबत घेऊन फ्लॉरेन्स तुर्कस्तानातील स्कुतारी येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तेथे घाण, तुंबलेली गटारे आणि कोंदट हवा यांचे साम्राज्य होते. जखमांपेक्षा रोगांनीच अधिक सैनिक दगावत होते. १८५५ च्या मार्चमध्ये आरोग्य पथकाने गटारे साफ केली, हवा खेळती केली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. हा धडा फ्लॉरेन्स कधीच विसरल्या नाहीत.

त्याच वर्षी मे महिन्यात आघाडीवरील बालाक्लावा येथे त्यांना भयंकर तापाने गाठले. त्या मरणाच्या दारातून परत आल्या, पण त्या आजाराने त्यांची पाठ सोडली नाही. हा ब्रुसेलोसिस, म्हणजे दूषित दुधातून होऊ शकणारा चिवट रोग असावा, असे आज अनेक अभ्यासक मानतात. मायदेशी परतल्यावर १८५७ साली त्या कोसळल्या. १८६१ च्या अखेरीस दुखणे पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचले. चालणे अशक्य झाले. पुढील सुमारे सहा वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या. एका जागेहून दुसरीकडे जायचे, तर त्यांना उचलून न्यावे लागे. हे आजारपण म्हणजे सोंग आहे, अशी कुजबुजही काहींनी केली.

फ्लॉरेन्स यांनी आपल्या मर्यादित शक्तीचा काटेकोर हिशेब मांडला. समारंभ, मेजवान्या आणि गाठीभेटी त्यांनी वर्ज्य केल्या. एका वेळी एकालाच, तेही आधी वेळ ठरवून, भेटायचे असा नियम केला. मंत्री आणि अधिकारी त्यांच्या खोलीत येऊ लागले. उशांना टेकून त्या अहवाल वाचत, आकडे तपासत आणि पत्रे लिहीत. अशी हजारो पत्रे आज उपलब्ध आहेत. या शिस्तीची किंमतही होती. एकटेपणा त्यांच्या वाट्याला आला. तरीही शिकाऊ परिचारिकांना चहाला बोलावणे, भाचरांची चौकशी करणे आणि लाडक्या मांजरांचे कोडकौतुक करणे यांत त्यांनी जगण्याचा आनंद टिकवला.

सैन्याच्या आरोग्यासाठी १८५७ साली नेमलेल्या शाही आयोगावर, स्त्री असल्यामुळे, त्यांना सदस्यत्व मिळाले नाही. मात्र आयोगामागील परिश्रम मुख्यत्वे त्यांचेच होते. टाळता येण्याजोग्या रोगांनी किती सैनिक मेले, हे त्यांनी रंगीत आकृत्यांतून दाखवले. १८५८ साली त्या लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. १८६० साली त्यांच्या नावाच्या निधीतून सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची प्रशिक्षण शाळा सुरू झाली आणि रुग्णसेवेला प्रतिष्ठित व्यवसायाचे स्थान मिळू लागले.

भारतात त्या कधीही आल्या नाहीत, परंतु भारताचा विचार त्यांनी जवळजवळ चार दशके केला. १८५९ साली नेमलेल्या आयोगासाठी त्यांनी भारतातील लष्करी ठाण्यांकडून छापील प्रश्नावलींद्वारे माहिती मागवली. दूषित पाणी आणि सांडपाण्याची दुरवस्था ही मृत्यूंची प्रमुख कारणे असल्याचे त्यांनी दाखवून दिले. तेव्हा भारतातील इंग्रज सैन्यात दर हजारी ६९ मृत्यू होत असत. १८७३ पर्यंत हे प्रमाण १८ वर आले. मग त्यांची दृष्टी छावणीबाहेरील खेड्यांकडे वळली. दुष्काळ, पाटबंधारे, शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा आणि ग्रामस्वच्छता या प्रश्नांवर त्यांनी लेख लिहिले, व्हाइसरॉयांकडे पाठपुरावा केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार केला.

कालांतराने कण्याच्या वेदना काहीशा कमी झाल्या, पण दृष्टी मंदावत गेली. १९०१ च्या सुमारास ती जवळजवळ पूर्ण गेली. ज्यांचे सारे कार्य वाचन आणि लेखन यांवर उभे होते, त्यांच्यासाठी हा घाला मोठा होता. पुढे स्मृतीही क्षीण झाली. १९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार साधेपणाने अंत्यविधी करून हॅम्पशरमधील ईस्ट वेलो या गावी त्यांना दफन करण्यात आले.

१२ मे हा त्यांचा जन्मदिवस आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. भारतात उत्कृष्ट परिचारिकांना त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो. आजाराने फ्लॉरेन्स यांचे चालणे थांबवले आणि पुढे दृष्टीही हिरावून घेतली. त्यांनी आजारावर मात केली असे म्हणता येणार नाही. परंतु जेवढी शक्ती उरली, तेवढी त्यांनी एका कामाला वाहिली. त्या एका खोलीत झालेल्या कामामुळे, त्यांनी कधी न पाहिलेल्या असंख्य माणसांचे प्राण वाचले.