डॉ. अल्झायमर

मुलांनो, आपण कधी वही घरी विसरतो, कधी पाढा विसरतो. थोड्या वेळाने आठवतेही. पण एखाद्याला आपल्या माणसाचे नावच आठवेनासे झाले तर? असे का होते, याचा शोध घेणाऱ्या एका डॉक्टरांची ही गोष्ट आहे.

त्यांचे नाव अलॉईस अल्झायमर. त्यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील मार्कटब्राइट या गावी झाला. १८८७ साली ते डॉक्टर झाले. पुढच्याच वर्षी ते फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात काम करू लागले. दिवसा ते रुग्णांजवळ बसत आणि नंतर सूक्ष्मदर्शकातून मेंदूच्या पेशी पाहत.

१९०१ साली त्यांची पत्नी वारली. तीन लहान मुले पोरकी झाली. तरीही त्यांनी काम सोडले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई रुग्णालयात आली. नवऱ्याचे नाव विचारले, तर ती स्वतःचेच नाव सांगे. एकदा फ्लॉवर खात असताना तिने पालक खात असल्याचे सांगितले. डॉक्टर तिला हसले नाहीत, रागावलेही नाहीत. तिची उत्तरे ते रोज लिहून ठेवत.

पुढे ते म्युनिकला गेले. १९०६ साली ऑगस्टे वारली. डॉक्टरांनी तिचा मेंदू तपासासाठी मागवून घेतला. त्याचे पातळ काप त्यांनी रंगवून पाहिले. पेशींच्या आत धाग्यांचा गुंता होता आणि पेशींच्या बाहेर गोळे साठले होते. त्याच वर्षी ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी हे सांगितले, पण कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९१० साली डॉ. क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले.

तो गुंता आणि ते गोळे कशाचे, हे अनेक वर्षांनी समजले. ती प्रथिने होती. टाऊ नावाचे प्रथिन पेशीतील बारीक नळ्यांना आधार देते. या रोगात त्याला गरजेपेक्षा जास्त फॉस्फेट चिकटते. मग ते नळ्यांपासून सुटते आणि त्याचा गुंता होतो. गोळे असतात ते अमायलॉइड बीटा या दुसऱ्या प्रथिनाचे. हळूहळू पेशी मरतात आणि आठवणी पुसल्या जातात.

१९ डिसेंबर १९१५ रोजी डॉ. अल्झायमर वारले. तेव्हा तेही ५१ वर्षांचेच होते. ऑगस्टेच्या हरवलेल्या नोंदी १९९५ साली फ्रँकफुर्टला पुन्हा सापडल्या. हा रोग पूर्ण बरा करणारे औषध मात्र अजून सापडलेले नाही.

मुलांनो, तुमच्या घरी दादी किंवा नानी एकच प्रश्न दहा वेळा विचारत असेल, तर तिला हसू नका. तिला वेड लागले आहे असेही म्हणू नका. ती मुद्दाम विसरत नाही. तिला डॉक्टरांकडे न्या आणि तिच्या अकराव्या प्रश्नालाही प्रेमाने उत्तर द्या.