रक्ताचा थेंब आणि चित्रकार डॉक्टर

डॉक्टर होऊ घातलेल्या मुलाच्या टेबलावर ‘ग्रेज् ॲनाटॉमी’ असतेच. १८५८ साली निघालेल्या या ग्रंथातली तीनशेहून अधिक चित्रे हेन्री वॅनडाईक कार्टर यांच्या हातची. नाव मात्र झाले ग्रे यांचे. ग्रंथ खपेल तसे ग्रे यांना पैसे मिळत गेले, कार्टर यांच्या पदरी एकदाच दीडशे पौंड पडले. हा हिशेब पुष्कळांनी सांगितला आहे. त्याच वर्षी हा माणूस बोटीने मुंबईला आला आणि पुढची तीस वर्षे आपल्या मुलुखातल्या रोगांच्या मागे लागला, ते मात्र आपल्याकडेही फारसे कुणाला ठाऊक नसते.

कार्टर १८३१ साली इंग्लंडातल्या हल गावी जन्मले. वडील जलरंगातले चित्रकार. त्यामुळे दिसते तेच आणि तेवढेच काढायचे, हे वळण घरातूनच लागले असावे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीरशास्त्र शिकवले, मग काही वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून काढली. कुष्ठरोगाचा अभ्यास करण्यासाठी ते नॉर्वेपर्यंत जाऊन आले.

१८७६ साली दख्खनात पावसाने दगा दिला. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सोलापूर, पुणे, सातारा हे सगळे जिल्हे होरपळले. पोटासाठी माणसे मुंबईकडे निघाली आणि १८७७ साली शहरात तापाची साथ पसरली. त्या काळी हिंदुस्थानात ताप म्हटला की मनात आधी हिवताप यायचा आणि औषध म्हणजे क्विनीन. कार्टर यांनी या रोग्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले. त्यात पिळवटलेल्या धाग्यासारखे जंतू वळवळत होते. हे जंतू बर्लिनमध्ये ओबरमायर यांनी थोडीच वर्षे आधी पाहिले होते. हा उलटून येणारा ताप होता, हिवताप नव्हे, आणि क्विनीनचा त्यावर काही उपयोग नव्हता. माकडांना तो रोग टोचून कार्टर यांनी खातरजमा केली आणि १८८२ साली या तापावर ग्रंथ लिहिला.

या तापाची एक खोड मोठी विलक्षण. ताप चढलेला असताना रक्तात जंतू दिसतात, ताप उतरला की नाहीसे होतात. पाच-सहा दिवसांनी ताप उलटतो तेव्हा जंतू पुन्हा हजर! मधल्या दिवशी तपासणाऱ्याला रक्त स्वच्छ दिसणार आणि तो रोग्याला बरा ठरवणार. म्हणून एकच रोगी पुन्हा पुन्हा तपासायला हवा.

तिकडे अल्जीरियात लावेराँ यांनी १८८० साली हिवतापाचा जंतू शोधला होता, पण त्यावर विश्वास ठेवणारे थोडे. १८८७ च्या सुमारास कार्टर यांनी मुंबईत रोग्यांच्या रक्तात तो ओळखला आणि टिपण लिहिले. हिंदुस्थानात अशी खात्री करून देणाऱ्या पहिल्यांत ते होते.

आज सूक्ष्मदर्शकाचे काम बोटाएवढ्या पट्टीवर आले आहे. अकोले तालुक्यातल्या डोंगरकपारीच्या वाडीत पावसाळ्यात कुणी तापाने फणफणले, तर रक्ताची काच खाली पाठवून निकाल यायला वेळ जातो. चोवीस तासांत निकाल मिळणार नसेल तिथे ही पट्टी वापरावी, असा सरकारी कार्यक्रमाचा दंडक आहे. बोट टोचून थेंब सोडला की पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते. पण पट्टी जंतू पाहत नाही, त्याने रक्तात सोडलेली प्रथिने हुडकते. फाल्सिपेरम हिवतापाची रेघ रोगी बरा झाल्यावरही काही आठवडे उमटू शकते. म्हणजे कार्टर यांच्या तापाच्या अगदी उलट: तिथे रोग असून जंतू दिसेनात, इथे जंतू मेले तरी खूण राहते! जंतू फार थोडे असले तर पट्टी त्यांना चुकवतेही. काही फाल्सिपेरम जंतूंत तर ते प्रथिन बनवणारा जनुकच नसतो. ही गोष्ट पेरूमध्ये २०१० साली उघड झाली आणि पुढे भारतातही आढळली. पट्ट्या उन्हात तापल्या किंवा दमटल्या की बिघडतात, ते वेगळेच. म्हणून रेघ नाही एवढ्यावर विसंबून चालत नाही. ताप हटत नसेल तर पुन्हा बोट टोचावे, काचही काढावी. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर यात आळस नको.

कार्टर १८८८ साली निवृत्त होऊन मायदेशी गेले. त्यांचे टिपण लष्करी डॉक्टरांच्या शास्त्रीय अहवालांत पडून राहिले. पुढे दक्षिणेत नोकरी करणारे रोनाल्ड रॉस रक्त तपासून थकले, जंतू दिसेना, तेव्हा लावेराँच चुकले असे ते लिहू लागले. १८९४ साली लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी शेजारी बसवून दाखवला तेव्हा कुठे रॉस यांना तो दिसला. थेंब तसाच, डोळा तयार नव्हता, इतकेच.

४ मे १८९७ रोजी स्कारबरो गावी कार्टर क्षयाने वारले. त्याच वर्षी २० ऑगस्टला सिकंदराबादेत रॉस यांना डासाच्या पोटात तोच जंतू सापडला.