विश्लेषण : पोलादी पुलांचा पाया घालणारे जेम्स ईड्स कोण होते?

आज पुलासाठी पोलाद वापरण्यात कोणाला नवल वाटत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी या धातूवर अभियंत्यांचा भरवसा नव्हता. ब्रिटनमध्ये तर १८७७ पर्यंत पुलांसाठी पोलाद वापरण्यास परवानगीच नव्हती. त्याआधीच अमेरिकेत मिसिसिपी नदीवर पोलादी कमानींचा पूल उभा राहिला. तो बांधणाऱ्या जेम्स बुकॅनन ईड्स यांनी त्यापूर्वी एकही पूल बांधला नव्हता.

अभियंता कसे झाले?

ईड्स यांचा जन्म १८२० मध्ये इंडियाना राज्यात झाला. तेरा वर्षांचे असताना कुटुंब सेंट लुईसला आले आणि शिक्षण सुटले. कापडाच्या दुकानात काम करताना मालकाच्या ग्रंथसंग्रहातून त्यांनी विज्ञान वाचले. पुढे बुडालेल्या बोटींतील माल काढण्याचा व्यवसाय केला. पाणबुडी घंटेत बसून ते स्वतः नदीच्या तळाशी उतरत. पुरात तळाची वाळू किती खोलवर सरकते, हे त्यांना तिथे कळले. म्हणूनच पुलाचे खांब खडकावरच टेकले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता.

पोलादच का?

खालून बोटी जाण्यासाठी कमानी रुंद हव्या होत्या. मधली कमान ५२० फूट, तर बाजूच्या दोन ५०२ फूट. एवढ्या लांबीसाठी अधिक ताकदीचा धातू हवा होता. मात्र त्या काळी पोलादाचा दर्जा एकसारखा नसे. त्यावर ईड्स यांचा उपाय साधा होता : कारखान्याच्या शब्दावर विसंबायचे नाही, ताकदीच्या अटी आधी ठरवायच्या आणि माल यंत्रावर ताणून-दाबून तपासायचा. कार्बन पोलाद चाचणीत टिकेना, तेव्हा क्रोमयुक्त पोलाद निवडले गेले. नापास माल परत जाई. त्यामुळे काम लांबले, खर्च वाढला आणि अँड्र्यू कार्नेगी यांच्या कीस्टोन कंपनीशी खटके उडाले. पण ईड्स यांनी अटी सोडल्या नाहीत.

किंमत कोणी मोजली?

खांबांसाठी कामगार दाबाखालील हवेच्या बंद कोठीत, पाण्याखाली ९० फुटांहून खोल उतरत. वर येताच अनेकांचे सांधे आखडत, काहींना लकवा होई. डझनभराहून अधिक कामगार दगावले. दाब झटकन उतरला की रक्तातील नायट्रोजनचे बुडबुडे होतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये मांडले. तोवर पूल पुरा झाला होता. पोलादाची कसोटी आधी घेतली गेली. माणसाचे शरीर किती सोसेल, हे मात्र कामावरच, जीव जाऊन समजले.

पुढे काय झाले?

४ जुलै १८७४ रोजी पूल खुला झाला. त्याआधी त्यावर चौदा रेल्वे इंजिने नेऊन चाचणी झाली. वर्षभरातच पुलाची कंपनी दिवाळखोरीत गेली. ईड्स यांनी नंतर मिसिसिपीच्या मुखाशी बांध घालून जहाजांसाठी खोल वाट करून दिली. १८८७ मध्ये बहामातील नसाऊ येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाचा तो पूल आजही वापरात आहे. त्यावरून मोटारी आणि शहरी रेल्वे धावते. आज कोणत्याही पुलाचे पोलाद चाचणी अहवालाशिवाय स्वीकारले जात नाही. ही शिस्त रुजवणाऱ्यांत ईड्स यांचे नाव आधी घ्यावे लागते.