विश्लेषण : युद्ध जिंकलेल्या सेनापतीची शेवटची लढाई घरासाठी... युलिसिस ग्रँट यांनी मरणाच्या दारात पुस्तक का लिहिले?

अमेरिकेचे यादवी युद्ध जिंकून देणारे सेनापती आणि दोन वेळा निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट १८८४ मध्ये अक्षरशः कंगाल झाले. त्यांच्याकडे तेव्हा जेमतेम ८० डॉलर उरले होते. त्याच वर्षी त्यांना घशाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. आपल्यामागे पत्नीचे काय होणार, या एकाच चिंतेने त्यांनी लेखणी हाती घेतली. २३ जुलै १८८५ रोजी त्यांचे निधन झाले, त्याच्या काही दिवस आधीच पुस्तक पूर्ण झाले होते.

सेनापती होण्यापूर्वी ग्रँट कोण होते?

ग्रँट यांचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो राज्यातील पॉइंट प्लेझंट येथे झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करत. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून ते १८४३ मध्ये बाहेर पडले, तेव्हा ३९ जणांत त्यांचा क्रमांक २१ वा होता. अकादमीतील खोलीतल्या सोबत्याची बहीण ज्युलिया डेंट यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि १८४४ मध्ये लग्न ठरले. पुढे मेक्सिकोशी युद्ध जुंपल्याने प्रत्यक्ष लग्न लागायला १८४८ चा ऑगस्ट उजाडला. ज्युलियांच्या माहेरी गुलाम होते, तर ग्रँट यांचे वडील गुलामगिरीचे विरोधक. त्यामुळे मुलाच्या लग्नाला आईवडील आलेच नाहीत.

त्यांनी सैन्याची नोकरी का सोडली?

१८५२ मध्ये त्यांची बदली पॅसिफिक किनाऱ्यावर झाली. तेव्हा रेल्वे नव्हती, पनामाची जंगलवाट ओलांडून जावे लागे आणि त्या वाटेवर कॉलऱ्याने माणसे दगावत. ज्युलिया गरोदर असल्याने मागे राहिल्या. दुसरा मुलगा जन्मला, पण वडिलांनी त्याला पाहिलेही नव्हते. तुटपुंज्या पगारात कुटुंबाला बोलावून घेणे शक्य नव्हते. एकटेपणात ते दारूकडे वळल्याची चर्चा सैन्यात पसरली आणि ती आयुष्यभर त्यांच्या पाठीशी राहिली. अखेर १८५४ मध्ये राजीनामा देऊन ते घरी परतले.

पुढची सहा-सात वर्षे हलाखीची गेली. सासऱ्यांकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी स्वतःच्या हातांनी लाकडी घर बांधले, शेती केली, सेंट लुईसच्या रस्त्यांवर जळाऊ लाकूड विकले. १८५७ च्या नाताळात सोन्याचे घड्याळ गहाण ठेवावे लागले. अशा तंगीतही १८५९ मध्ये आपल्याकडील विल्यम जोन्स या गुलामाला त्यांनी विकले नाही, तर कायदेशीर मुक्त केले. तेव्हा गुलामाला मोठी किंमत येत असे, हे लक्षात घेतले की या निर्णयाचे वजन कळते. शेवटी इलिनॉय राज्यातील गलिना गावी वडिलांच्या चामड्याच्या दुकानात त्यांना काम करावे लागले.

युद्धकाळात कुटुंब कुठे होते?

१८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले आणि दुकानात काम करणारा हा माजी कॅप्टन पुन्हा गणवेशात आला. फोर्ट डोनल्सन, शायलो, व्हिक्सबर्ग असे विजय मिळवत १८६४ मध्ये ते संपूर्ण संघीय सैन्याचे प्रमुख झाले. मात्र पूर्वीचा एकटेपणा त्यांनी पुन्हा ओढवून घेतला नाही. जमेल तेव्हा ज्युलिया आणि मुले छावणीत येऊन राहत. व्हिक्सबर्गच्या मोहिमेत १२ वर्षांचा थोरला मुलगा फ्रेड वडिलांसोबत होता आणि त्याच्या पायाला गोळीही चाटून गेली.

९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स येथे दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली शरण आले. ग्रँट यांनी त्यांच्या सैनिकांना कैदेत न टाकता घरी जाऊ दिले आणि पेरणीसाठी स्वतःचे घोडे नेण्याची मुभा दिली. पाच दिवसांनी अध्यक्ष लिंकन यांनी ग्रँट दाम्पत्याला नाटकाचे आमंत्रण दिले. मुलांना भेटायला न्यू जर्सीला जायचे असल्याचे सांगून ग्रँट यांनी ते नाकारले. ज्युलियांनाही लिंकन यांच्या पत्नीसोबत संध्याकाळ घालवायची नव्हती. त्याच रात्री नाट्यगृहात लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली.

राष्ट्राध्यक्षपदानंतर मुंबईत कधी आले?

१८६९ ते १८७७ या काळात ग्रँट राष्ट्राध्यक्ष होते. कृष्णवर्णीयांना मताधिकार देणारी १५ वी घटनादुरुस्ती याच काळात अमलात आली आणि कू क्लक्स क्लान या दहशती संघटनेविरुद्ध कायदे झाले. दुसरीकडे, निकटवर्तीयांच्या भ्रष्टाचाराच्या प्रकरणांनी सरकार बदनाम झाले. विश्वासातल्या माणसांवर शंका घ्यायची नाही, हा त्यांचा स्वभाव तेव्हाही महागात पडला.

पद सोडल्यावर ते ज्युलियांसह जगप्रवासाला निघाले. फेब्रुवारी १८७९ मध्ये हे दाम्पत्य मुंबईत उतरले आणि मलबार पॉइंटच्या सरकारी निवासस्थानी राहिले. तिथून आग्रा, दिल्ली करत ते कलकत्त्याला गेले. ज्युलियांचा एक डोळा तिरळा होता. पती मोठ्या पदाला पोहोचल्यावर त्यांना शस्त्रक्रिया करून घ्यावीशी वाटली, पण ग्रँट यांनी नको म्हटले. त्यांना त्या जशा होत्या तशाच आवडत होत्या.

सगळी पुंजी कशी बुडाली?

मुलगा युलिसिस धाकटा हा फर्डिनांड वॉर्ड नावाच्या तरुणासोबत न्यूयॉर्कमध्ये पेढी चालवत होता. ग्रँट यांनीही तिच्यात पैसे घातले. वॉर्ड सरकारी कंत्राटांतून प्रचंड नफा मिळत असल्याचे भासवे. प्रत्यक्षात नव्या गुंतवणूकदारांचे पैसे जुन्यांना नफा म्हणून दिले जात आणि एकच रोखे अनेक ठिकाणी तारण ठेवले जात. आज ज्याला आपण पॉन्झी योजना म्हणतो, तोच हा प्रकार. वॉर्डने पुढे केलेल्या कागदांवर ग्रँट न वाचता सही करत.

मे १८८४ मध्ये वॉर्डने तातडीच्या गरजेचे कारण सांगितले. ग्रँट यांनी उद्योगपती विल्यम व्हँडरबिल्ट यांच्याकडून दीड लाख डॉलर उसने आणले. दोनच दिवसांत पेढी बुडाली. व्हँडरबिल्ट कर्ज सोडून द्यायला तयार होते, पण ग्रँट यांनी तलवारी, पदके आणि भेटवस्तूही त्यांच्या नावे केल्या.

माजी राष्ट्राध्यक्षांना निवृत्तिवेतन नव्हते का?

नव्हते. तसा कायदा अमेरिकेत १९५८ मध्ये झाला. राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी ग्रँट यांनी सैन्यातील पद सोडल्याने लष्करी वेतनाचा हक्कही गेला होता. मार्च १८८५ मध्ये काँग्रेसने त्यांना निवृत्त जनरलचा दर्जा परत दिला, तोवर आजार बळावला होता.

पुस्तकाने घर कसे सावरले?

सुरुवातीला एका मासिकासाठी त्यांनी युद्धावर लेख लिहिले. १८८४ च्या उन्हाळ्यात पीच खाताना घशात असह्य कळ आली. ऑक्टोबरमध्ये कर्करोगाचे निदान झाले. मासिकाच्या प्रकाशकांनी पुस्तकासाठी देऊ केलेले मानधन फारच कमी असल्याचे लेखक मार्क ट्वेन यांना समजले. आपल्या प्रकाशन संस्थेतर्फे त्यांनी निव्वळ नफ्यातील ७० टक्के वाटा ज्युलियांना देण्याचा करार केला.

मग ग्रँट रोज लिहू लागले. आवाज होता तोवर मजकूर सांगत, तो गेल्यावर पेन्सिलीने लिहीत. डॉक्टरांशी बोलणेही चिठ्ठ्यांवर चाले. मुलगा फ्रेड कागदपत्रे तपासून द्यायचा. जून १८८५ मध्ये त्यांना न्यूयॉर्क राज्यातील माउंट मॅकग्रेगरच्या थंड हवेत हलवण्यात आले. तिथल्या व्हरांड्यात शाल पांघरून, खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी मुद्रिते तपासली. काम संपल्यावर काहीच दिवसांत त्यांनी प्राण सोडला. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते.

पुस्तक विकायला माजी सैनिक घरोघर फिरले. दोन खंडांचे तीन लाखांवर संच खपले. फेब्रुवारी १८८६ मध्ये ज्युलियांच्या हाती दोन लाख डॉलरचा पहिला धनादेश आला आणि एकूण रक्कम चार लाखांच्या पुढे गेली. अंत्ययात्रेत उत्तर आणि दक्षिण या दोन्ही बाजूंचे सेनानी मानकरी म्हणून चालले.

वेस्ट पॉइंटच्या दफनभूमीत पत्नीला शेजारी जागा मिळणार नव्हती, म्हणून ग्रँट यांनी ती नाकारली होती. न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीकाठी त्यांची समाधी १८९७ मध्ये उभी राहिली. पाच वर्षांनी, १९०२ मध्ये, ज्युलियांना त्यांच्याच शेजारी ठेवण्यात आले.