बीटिंग रिट्रीटला वर्षानुवर्षं वाजलेली ती धून म्हणजे एका आजारी पाद्र्याची संध्याकाळची प्रार्थना होती

२९ जानेवारीची संध्याकाळ. दिल्लीचा विजय चौक. प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणारा बीटिंग रिट्रीटचा कार्यक्रम संपत आलेला असायचा. सूर्य कलायचा आणि लष्करी बँडवर एक अगदी संथ धून सुरू व्हायची.

तिचं नाव 'अबाइड विथ मी'. अर्थ साधा आहे, माझ्यासोबत थांब.

हे महात्मा गांधींचं आवडतं ख्रिस्ती भजन. १९५० च्या दशकापासून ते बीटिंग रिट्रीटचा भाग होतं. २०२२ मध्ये ते कार्यक्रमातून वगळण्यात आलं, त्याच्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगों' आलं आणि सोशल मीडियावर दोन्ही बाजूंनी जोरदार वाद झाला.

पण त्या सगळ्या वादात एक नाव फारसं कुणी घेतलं नाही. हेन्री फ्रान्सिस लाइट. हे गीत लिहिणारा माणूस.

हेन्रीचा जन्म १ जून १७९३ चा, स्कॉटलंडमधल्या एडनम गावचा. वडील सैन्यात होते, पण घराची जबाबदारी घेणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी दोन मोठ्या मुलांना आयर्लंडमधल्या पोर्टोरा शाळेत घातलं आणि कुटुंबाला वाऱ्यावर सोडलं. आई धाकट्या मुलाला घेऊन लंडनला गेली. तिथे ती गेली आणि ते मूलही गेलं.

शाळेत असलेल्या हेन्रीची फी भरायलाही मागे कुणी उरलं नाही.

तेव्हा पुढे आले ते शाळेचे मुख्याध्यापक रॉबर्ट बरोज. त्यांनी या पोराची हुशारी हेरली, फी स्वतः भरली आणि सुट्टीत त्याला आपल्याच घरी ठेवून घेतलं. बाकीची मुलं आपापल्या घरी जात, हा मुख्याध्यापकांच्या घरी. सख्ख्या बापाने सोडलेलं पोर परक्याच्या घरात वाढलं.

पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये त्यांनी कवितेसाठी बक्षिसं मिळवली. डॉक्टर व्हायचा विचार होता, पण तो सोडून ते धर्मशिक्षणाकडे वळले आणि १८१५ मध्ये पाद्री झाले.

पाद्री झाले खरे, पण श्रद्धा अजून आतपर्यंत पोहोचली नव्हती. ती पोहोचली एका मृत्यूमुळे. शेजारच्या भागातले एक पाद्री मरणपंथाला लागले होते. लाइट त्यांच्या उशाशी बसले, दोघांनी मिळून बायबल नव्याने वाचलं. तो माणूस शांतपणे गेला आणि लाइट मुळापासून बदलले.

१८२० च्या दशकात ते इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरच्या ब्रिक्सहॅम गावात आले. हे कोळ्यांचं आणि खलाशांचं गाव. लाइट यांनी इथे मुलांसाठी रविवारची शाळा काढली, खलाशांसाठी वेगळी शाळा चालवली. गुलामगिरीच्या विरोधातही ते उभे राहिले. अशा गावात संध्याकाळ म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. सकाळी समुद्रावर गेलेली होडी अंधार पडायच्या आत परत येते का, याची घरोघरी वाट पाहिली जायची.

इथे थोडं थांबून एक गोष्ट समजून घेऊ. आपल्याकडे दिवेलागणीला देवापुढे दिवा लावून शुभंकरोति म्हणतात, तसं ख्रिस्ती परंपरेतही दिवस मावळताना प्रार्थना करायची जुनी रीत आहे. लाइट ज्या चर्च ऑफ इंग्लंडचे पाद्री होते, तिथे सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन प्रार्थना ठरलेल्या असतात. संध्याकाळच्या प्रार्थनेत रात्रीच्या संकटांपासून राखण मागितली जाते.

लाइट यांच्या गीताचा धागा मात्र बायबलमधल्या एका प्रसंगातून येतो. येशूला क्रुसावर चढवल्यानंतरची गोष्ट. त्याचे दोन शिष्य खचलेल्या मनाने अम्माऊस गावाकडे निघालेत. वाटेत एक वाटसरू भेटतो. तो येशूच असतो, पण त्यांना ओळख पटत नाही. गाव येतं, दिवस कलतो आणि ते दोघं त्या अनोळखी माणसाला आग्रह करतात, की संध्याकाळ झाली, आता आमच्याकडेच राहा.

लूकच्या शुभवर्तमानातला हा प्रसंग लाइट यांनी आपल्या आयुष्याच्या संध्याकाळीला लावला.

कारण तोवर फुप्फुसाच्या आजाराने त्यांना पोखरलं होतं. थंडी सोसवेना, म्हणून हिवाळ्यात युरोपच्या दक्षिणेकडे जावं लागायचं. १८४७ च्या सप्टेंबरमध्ये, इटलीला निघण्याआधी, त्यांनी ब्रिक्सहॅममध्ये शेवटचं प्रवचन दिलं. घरचे नको म्हणत होते, तरी ते उभे राहिले. त्याच संध्याकाळी त्यांनी हे गीत जवळच्या नातेवाइकाच्या हाती दिलं, असं त्यांच्या मुलीने नंतर लिहून ठेवलं. काही जण मात्र हे गीत १८२० च्या सुमाराचं मानतात.

या गीतात अंधार टळावा अशी मागणी नाही. अंधार होणार, जवळची माणसं एकेक करून जाणार, हे मान्यच केलंय. मागितलीय ती फक्त सोबत. ज्याच्या लहानपणी एकेक माणूस निघून गेलं, त्याने शेवटी हेच मागावं.

इटलीपर्यंत ते पोहोचलेच नाहीत. २० नोव्हेंबर १८४७ ला नीस शहरात त्यांचं निधन झालं. वय ५४. कबरही तिथेच, गावापासून शेकडो मैल लांब.

आज आपण ऐकतो ती चाल लाइट यांनी ऐकली नाही. विल्यम हेन्री मंक यांनी १८६१ मध्ये ती बांधली आणि गीत जगभर गेलं. १९१५ मध्ये ब्रुसेल्समध्ये एडिथ कॅव्हेल या ब्रिटिश नर्सला जर्मन सैन्याने गोळ्या घातल्या. पळून जाणाऱ्या सैनिकांना मदत केल्याचा आरोप होता. आदल्या रात्री कोठडीत भेटायला आलेल्या पाद्र्यासोबत तिने हेच गीत म्हटलं. १९२७ पासून इंग्लंडच्या एफए कप फायनलआधी हजारो प्रेक्षक ते गातात.

आणखी एक योगायोग. लाइट यांच्या निधनाला बरोबर १०० वर्षं झाली त्या दिवशी, २० नोव्हेंबर १९४७ ला, लंडनमध्ये राजकन्या एलिझाबेथचं लग्न लागलं. त्या लग्नात लाइट यांचंच दुसरं एक भजन गायलं गेलं.

दिल्लीत ती धून आता वाजत नाही. ब्रिक्सहॅममध्ये मात्र लाइट यांच्या ऑल सेंट्स चर्चच्या घंटांवर ती रोज वाजते आणि खाली बंदरात कोळ्यांच्या होड्या आजही उभ्या असतात.